विदुषीची चाचणी

माझ्या भावजयीला मी विदुषी म्हणते. तोंडावर म्हणते आणि पाठीमागेही तेच म्हणते. आत एक बाहेर एक असलं माझ्याकडे काही नाही. ती मला ताई म्हणते. चिडली की ते ताई गळून पडतं आणि नुसतं "अहो" उरतं. एका घरात राहून आमचं भांडण असं कधी झालं नाही, कारण भांडायला समोरासमोर यावं लागतं आणि ही बया मी उठायच्या आत जाते ती मी आडवी व्हायच्या सुमाराला येते. मधल्या वेळात घर, शिवणयंत्र आणि माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, हे सगळं माझ्या ताब्यात असतं.

ती एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करते. काय काम करते ते मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. जेवताना ती धाकट्याला सांगायची, "आज कोऱ्या खड्ड्यांतही रंग आला," किंवा "आज सगळे खड्डे पुन्हा धुतले." मला वाटायचं, हिला रस्तेदुरुस्तीवर टाकलं की काय! मग एका सुट्टीच्या दिवशी तिनं मला समोर बसवून समजावलं. आपण घास गिळला की जठराला निरोप जातो, आम्ल सोड म्हणून. हा निरोप रक्तातून जातो आणि तो नेणाऱ्याचं नाव गॅस्ट्रिन. पोट रिकामं असताना ते रक्तात इतकं कमी असतं, की आधीच्या चाचण्यांना ते दिसायचंच नाही. हिची चाचणी ते तेवढंसंही मोजणार होती. एवढ्याशा गोष्टीसाठी हिनं डोक्याचे केस पांढरे करून घेतले.

"बरं, मोजलं. पुढे?" मी विचारलं.

"काही जणांच्या स्वादुपिंडात बारीकशी गाठ होते, ताई. ती गाठ विनाकारण हे गॅस्ट्रिन सोडत बसते. गाठ लहान असतानाच ते मोजता आलं, तर माणूस वाचतं."

तेव्हा मात्र मला पटलं. म्हटलं, बाई काहीतरी कामाचं करते आहे.

हे मोजायला तिला ससे लागत. सशाला ते गॅस्ट्रिन टोचलं की सशाचं शरीर त्याला घुसखोर समजतं आणि त्याला धरून ठेवणारे प्रतिपिंड रक्तात तयार करतं. ते प्रतिपिंड काढून घ्यायचे. एका सशाचे प्रतिपिंड प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या खड्ड्यांना चिकटवायचे, ते गॅस्ट्रिनचं शेपूट धरतात. दुसऱ्या सशाच्या प्रतिपिंडांना रंग आणणारं काहीतरी जोडायचं, ते डोकं धरतात. मधे गॅस्ट्रिन असेल तरच दोघं एकमेकांना जोडले जातात आणि खड्डा पिवळा होतो. जितकं गॅस्ट्रिन जास्त, तितका पिवळा गडद. हे तिनं मला बटाट्याच्या साली काढता काढता सांगितलं आणि मला ते पहिल्या फटक्यात कळलं. त्याचं तिला आश्चर्य वाटलं याचा मला राग आला, पण तो सोडून देऊ.

तर हे ससे. त्यांचं काम संपलं की त्यांना कायमचं झोपवायचं असा तिथला नियम. आमच्या विदुषीचं काळीज तेवढं घट्ट नाही. तिनं कुठकुठून परवानग्या काढल्या आणि एक दिवस खोक्यात घालून दोन पांढरेशुभ्र ससे घरी आणले. "ताई, थोडेच दिवस," म्हणाली आणि खोकं माझ्या मांडीवर ठेवलं. ते थोडे दिवस अजून संपायचेत. मागच्या गॅलरीत धाकट्यानं त्यांना जाळीचं घर करून दिलं. पाला मी आणायचा, घाण मी काढायची, नखं मी कापायची. विदुषीला आपले ससे जिवंत आहेत एवढं पुरे असायचं; जवळ जाऊन त्यांची चौकशी करायला बाईसाहेबांना फुरसत कुठली! त्यातला एक गरीब गाय होता. दुसऱ्याचं नाव मी फौजदार ठेवलं होतं.

चाचणी तयार होत आली तेव्हा तिला निरोगी माणसांचं रक्त हवं झालं. निरोगी माणसात गॅस्ट्रिन किती असतं ते आधी ठरल्याशिवाय आजारी माणसात जास्त आहे हे म्हणणार कसं? तिनं सगळ्यांना गोळा केलं. धाकटा, इस्पितळाचा रखवालदार, शेजारची पियानो शिकवणारी बाई, आणि मी. रात्रीपासून उपाशी राहायचं आणि सकाळी हात पुढे करायचा. रक्त घेण्याआधी तिनं मला नाही नाही ते विचारलं. अ‍ॅसिडिटीची गोळी घेता का? पोटाचं ऑपरेशन झालंय का? काल शेवटचं काय खाल्लं? मूत्रपिंडाचा त्रास? घरात कुणाला गाठी? मी म्हटलं, "अगं, तुझ्याच घरात राहते मी, तुला ठाऊक नाही?" तर म्हणे, "नियम आहे, ताई."

चार दिवसांनी ती संध्याकाळी उजेड असतानाच घरी आली. मी शिवणयंत्र थांबवलं. हातात पिशवी तशीच, चप्पल पायात तशीच.

"ताई, उद्या पुन्हा एकदा रक्त द्याल?"

"का? पहिलं सांडलंस?"

"हो," म्हणाली. या बाईला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

दुसऱ्यांदाही तेच आलं. बाकी सगळ्यांचा आकडा इवलासा आणि माझा त्यांच्या कितीतरी पट. खड्डा म्हणे इतका गडद पिवळा झाला, की यंत्राला वाचता येईना. मग मला गोळ्यांबद्दल पुन्हा विचारलं, माझं औषधांचं कपाट उघडून बघितलं, आणि मी गोळ्या घेत नाही याची खात्री पटल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली. गाठ हा शब्द मग तिनं उच्चारला. तिच्याच तोंडून ऐकायचा होता तो मला, दुसऱ्या कुणाच्या नव्हे.

सर्जन उंच, सडपातळ आणि भलताच घाईतला माणूस. त्यानं मला विचारलं, छातीत जळजळ होते का? होते. आंबट ढेकर? येतात. पोट बिघडतं? अधूनमधून. आता तुम्हीच सांगा, दिवसभर यंत्रावर वाकून बसणाऱ्या आणि उपाशीपोटी चहा ढोसणाऱ्या बाईला हे होणार नाही तर काय होणार? पण त्या आकड्याच्या शेजारी माझा प्रत्येक ढेकर पुरावा होऊन बसला. घशातून दुर्बीण घातली, तर आत सूज. फोटो काढले, तर स्वादुपिंडाच्या टोकाला वाटाण्याएवढा डाग. डाग नक्की कसला ते फोटोवरून सांगता येत नव्हतं. "पण इतकं गॅस्ट्रिन आणि वर हा डाग म्हटल्यावर वाट कसली बघायची?" सर्जन म्हणाला. स्वादुपिंडाचं शेपूट कापून काढायचं. आणि त्यानंतर मधुमेह होऊ शकतो, गळती होऊ शकते, क्वचित माणूस टेबलावरही... ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मी म्हटलं, पुरं करा हो, आम्हाला कळतं.

माझ्या रक्ताची एक नळी दूरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवली होती, तिथली पद्धत वेगळी होती म्हणून. पण तिथून उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. विदुषीचे साहेब म्हणाले, "त्यांच्यासाठी कशाला थांबायचं? त्यांच्यापेक्षा आपली चाचणी कितीतरी चांगली आहे."

या साहेबांना मी एकदा बघितलं. तिसऱ्यांदा रक्त द्यायला तळघरात गेले होते. मी खुर्चीवर बाही वर करून बसलेली आणि आत आलेला हा गृहस्थ विदुषीचा हात हातात घेऊन हलवतोय. "अभिनंदन! धडधाकट माणसातली लपलेली गाठ पहिल्याच खेपेला पकडली. परिषदेत हेच आधी दाखवायचं." ती लपलेली गाठ म्हणजे समोर बसलेली मी, हे त्याच्या गावीही नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "साहेब, हारतुरे माझ्या गाठीलाच घाला की! काम तिनं केलंय, तुमच्या मॅडमनी नव्हे."

तो बिचारा कानकोंडा होऊन गेला. विदुषीनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, सुई घेतली आणि तशीच थांबली.

"टोच," मी म्हटलं. "मी काही मेणाची नाही."

घरी मी अगदी निवांत होते. म्हणजे तसं दाखवत होते, आणि चांगलं जमत होतं. कापा म्हणावं एकदाचं, साठी उलटली, आता काय राहिलंय माझं! हातातले कपडे मी भराभर शिवून लोकांना देऊन टाकले. पियानोवाल्या बाईचा कोट उसवून ठेवला होता तो आधी पुरा केला. धाकट्याला कुठल्या डब्यात काय आहे ते दाखवलं, तर तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या! त्याला म्हटलं, रडायचंय तर कांदे चिर, निदान कारण तरी दिसेल. विदुषी मात्र रडत नव्हती. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं, ताटातलं अन्न चिवडायची आणि उठायची. तिच्यासमोर मी जास्तच हसायची. शिवायला बसलं की मात्र सुईत दोरा जायचा नाही. चष्मा पुसून पुसून बघितला, पण चष्म्याचा काही दोष नव्हता.

तिला एक गोष्ट खात होती. तिनं ती धाकट्याला सांगितली आणि मी दाराआडून ऐकली. माझं रक्त तिनं अर्धं पातळ केलं होतं. गॅस्ट्रिन अर्ध्यावर यायला हवं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ते अर्ध्यावर आलं नाही. आणखी पातळ केलं, तर एकदम गडगडलं. साहेब म्हणाले, फार जास्त असलं की असं होतं, त्यात काय एवढं. "होतंही तसं," ती म्हणाली. "पण मला चैन पडत नाही." धाकटा म्हणाला, "तुला ते खोटं असावंसं वाटतंय, म्हणून तुला तसं दिसतंय." मलाही धाकट्याचंच म्हणणं पटलं. माझ्या बाजूनं विचार करून करून या पोरीचं डोकं फिरायची वेळ आली, असं वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला दाखल व्हायचं होतं. सकाळपासून घन पदार्थ बंद, फक्त पाणी. विदुषीनं रजा घेतली होती. ही बाई दिवसाढवळ्या घरात आहे हे इतकं नवीन होतं, की मला पाहुणी आल्यासारखं झालं. पिशवी भरून झाली. म्हटलं, चल, आता तुझे ससे तुझ्या गळ्यात घालते. मी येईपर्यंत तुलाच बघायचंय. आलेच नाही तर पुढेही तुलाच.

"असं बोलू नका."

"बरं. हा पाला, हा धुऊन मगच द्यायचा. पाणी रोज बदलायचं. खालचा कागद रोज. हा गरीब आहे, याला कसाही उचल. या फौजदाराला उचलताना मात्र ते जाड हातमोजे घाल, खिळ्याला टांगलेत."

"का?"

"का म्हणजे? चावतो."

तिचा हात जाळीवरच राहिला. "तुम्हाला चावलाय?"

"मला नाही तर कुणाला? दुसरं कोण हात घालतं त्याच्या घरात?" मी हाताची मागची बाजू दाखवली. अंगठ्याच्या बुडाशी जुने वण, मनगटावर ताजे ओरखडे. "हा कालचा. हा गेल्या आठवड्यातला. हे जुने कधीचे, देव जाणे."

"ताई, हा चावतो हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू घरी असतेस कधी सांगायला! आणि सशाचं गाऱ्हाणं काय घालायचं? चावला की एक चापट देते."

ती माझा हात दोन्ही हातांत घेऊन बघत राहिली. आधी मला वाटलं, हिला वाईट वाटतंय. मग बघितलं, तर ती वणांकडे बघतच नव्हती. ओठ हलत होते. "अहो," म्हणाली. मग पुन्हा, "अहो." मग तिनं कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात, की गरीब ससा कोपऱ्यात पळाला.

"मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "सगळं विचारलं आणि हे नाही विचारलं. मीच आणून ठेवले तुमच्या मांडीवर, आणि मीच नाही विचारलं!"

"काय ते नीट सांगशील का?"

नीट सांगायला तिला दम नव्हता. पायात घरातल्या सपाता, तशीच दाराकडे निघाली. मी म्हटलं, रक्त माझं आहे, मी येणार. टॅक्सीत बसल्यावर तिनं तुटक तुटक सांगितलं. ससा चावतो, ओरबाडतो, त्याची लाळ आणि कोंडा अंगात जातो. मग आपलं शरीरही सशासारखंच करतं. सशाच्या अंगातलं जे काही असेल ते धरून ठेवणारं काहीतरी रक्तात तयार करतं. आणि तिच्या चाचणीतले दोन्ही प्रतिपिंड सशाचेच.

"म्हणजे," मी म्हटलं, "मधे गॅस्ट्रिन नसतानाच माझ्या रक्तातल्या कुणीतरी मध्यस्थानं त्या दोघांचं जुळवून दिलं?"

"असं असेल तर!" ती म्हणाली. "असेलच असं नाही, ताई. आशा लावून घेऊ नका." आणि माझा हात असा घट्ट धरला, की मला कळलं, आशा कुणी लावून घेतली आहे ते.

तळघरात कुणी नव्हतं. तिनं थंड कपाटातून माझ्या रक्ताच्या जुन्या नळ्या काढल्या, ताडून बघायला धाकट्याची आणि रखवालदाराचीही एकेक काढली. शिवाय सशाच्या साध्या रक्तद्रवाची एक बाटली काढली. या सशाला काही टोचलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या रक्तद्रवात गॅस्ट्रिन पकडणारं काही नव्हतं. माझं थोडं रक्त तिनं तसंच ठेवलं आणि थोड्यात तो द्रव मिसळला. माझ्या रक्तातल्या मध्यस्थांना ससाच धरायचा असेल, तर ते आधी या फुकटच्या सशाला धरून बसतील आणि चाचणीत लुडबुड करायला उरणार नाहीत. खरंच गॅस्ट्रिन असेल, तर त्याला याचं काही सोयरसुतक नाही. ते तितकंच दिसेल.

मग थांबायचं. भरायचं, थांबायचं, धुवायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा थांबायचं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी स्टुलावर बसून भिंतीवरच्या आगीच्या सूचना वाचत होते. तशी मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या दुपारी मनात कुणाकुणाला हाक मारली, ते माझं मला माहीत. एकदा विदुषी म्हणाली, "ताई, दोन्ही ओळी सारख्याच आल्या, तर..."

"तर संध्याकाळी दाखल होईन. त्यात काय! पिशवी भरलेलीच आहे."

शेवटचा द्रव तिनं घातला. आधी सगळेच खड्डे पाण्यासारखे. मग वरच्या ओळीला, माझ्या नुसत्या रक्ताच्या, रंग चढायला लागला. फिका निळा, मग गडद. तो आधी निळाच येतो, आम्ल घातल्यावर पिवळा होतो. खालच्या ओळीत माझंच रक्त होतं, सशाचा द्रव घातलेलं. मी तिथे डोळे लावून बसले. काही नाही. अजून काही नाही. पापणी लवायची भीती वाटत होती. वरची ओळ शाईसारखी झाली आणि खालची आपली जराशी, नावापुरती निळसर.

तिनं आम्ल घातलं. वरची ओळ गडद पिवळी, खालची अगदी फिकी, धाकट्याच्या आणि रखवालदाराच्या ओळीइतकी. तिनं ताटली यंत्रात घातली, आकडा बघितला, आणि मग ही एवढी शिकलेली बाई जमिनीवर बसली. सपाता घातलेले पाय पसरून, टेबलाच्या पायाला टेकून.

"नॉर्मल," म्हणाली. "ताई, तुमचं नॉर्मल आहे. माझी चाचणी खोटं बोलत होती. तुमचं अगदी नॉर्मल आहे."

मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी शिवी दिली असावी. कारण ती हसायला लागली.

सर्जनला पटवणं सोपं नव्हतं. तो वॉर्डाच्या बाहेर उभा होता, हातात माझाच फोटो. "मॅडम, उद्याचं ऑपरेशन सशाच्या चाव्यावरून रद्द करू?"

"हो."

"तुमच्याच आकड्यावरून मी ते ठरवलंय. परवापर्यंत तुम्ही आणि तुमचे साहेब ठामपणे सांगत होतात."

"मी चुकले," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "साहेबांना मी फोन केलाय. परिषदेतून नाव काढून घेतलंय. प्रत्येक नमुन्यात सशाचा द्रव घालून सगळे आकडे नव्यानं काढीन, कितीही वर्षं लागोत. पण त्या जुन्या आकड्यावर विसंबून तुम्ही त्यांच्या पोटाला हात लावायचा नाही."

"आणि हा डाग?"

"डाग पुन्हा बघा. गॅस्ट्रिन बाजूला ठेवून नुसत्या डागाकडे बघा, आणि मग सांगा."

माझ्या बाजूनं कुणी कुणाशी असं भांडल्याचं मला आठवत नाही. माझी आई भांडायची, पण ती माझ्याशी. सर्जन घाईतला असला, तरी प्रामाणिक निघाला. तो फोटो घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तो चष्मा कपाळावर चढवूनच. म्हणाला, पाण्याची साधी पिशवी असावी, पुष्कळांना असते, त्रास देत नाही. गॅस्ट्रिन जास्त नसेल, तर हिला कापायचं काही कारण नाही. वर्षभरानं पुन्हा बघू. आता घरी जा.

पुढे त्या दूरच्या प्रयोगशाळेचंही उत्तर आलं. गॅस्ट्रिन नॉर्मल. जळजळीवर सर्जननं उपाशीपोटी चहा बंद हा इलाज सांगितला, तो मी जमेल तेवढा पाळते. पण माझा जीव भांड्यात पडला तो त्याच संध्याकाळी, वॉर्डाबाहेरच्या त्या बाकावर. हुश्श! अंगातली सगळी हाडं कुणीतरी सैल केल्यासारखं झालं.

विदुषी मला इस्पितळाच्या उपाहारगृहात घेऊन गेली. सूप होतं, पाव होता. मी पहिला चमचा तोंडात घातला. कोमट होतं, मीठ कमी होतं. आणि काय झालं कुणास ठाऊक, मला रडू फुटलं. मुळुमुळू नव्हे, चांगलं हमसून. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.

"मला मरायचं नव्हतं गं," मी म्हटलं. "मला अजिबात मरायचं नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग इतके दिवस कापा एकदाचं, कापा एकदाचं, असं काय म्हणत होतात?"

"मग काय म्हणू? तुझं तोंड बघवत नव्हतं मला. म्हटलं, मी रडले तर ही पोरगी जन्मभर स्वतःला खात बसेल."

तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, टेबलावर डोकं ठेवून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतकी वर्षं एका घरात राहून तिच्या पाठीवरून मी कधी हात फिरवला नव्हता, आणि तिची पाठ इतकी हडकुळी आहे हेही मला माहीत नव्हतं.

"पुरे आता," मी म्हटलं. "लोक बघतायत. आणि तू शेवटची जेवलीस कधी?"

ती डोकं वर न करता म्हणाली, "आठवत नाही."

मी पावाचा मोठा तुकडा मोडून सुपात बुडवला आणि तिच्या तोंडापुढे धरला. "आ कर," म्हटलं. आणि तिनं केलं.